घरच्यासारखा

शाळेतला निरोप समारंभ म्हणजे शाल, श्रीफळ, बटाटेवडा आणि मुख्याध्यापकांचं भाषण. बबनराव शिपाई निवृत्त झाले तेव्हाही हे सगळं यथासांग चाललं होतं. भाषण रंगात आलं होतं. मुख्याध्यापक म्हणाले, "बबनला आम्ही शिपाई असं कधी मानलंच नाही. आम्हाला तो अगदी घरच्यासारखा..."

"सर, घरच्यासारखा म्हणजे घरचा नव्हे, एवढं स्पष्ट करता का?"

आवाज मागच्या खुर्चीवरून आला होता. हशा पिकला. मुख्याध्यापकही हसले, पण दात दिसतील एवढेच. म्हणाले, "कारखानीस, आजचा दिवस तरी सोडा!"

"नाही, माझं म्हणणं एवढंच, की बबनराव नोकरी करत होते. नोकरी होती म्हणून निवृत्त होतायत. घरच्यासारख्या माणसाला निवृत्ती नसते."

मी त्याच वर्षी या शाळेत लागले होते, विज्ञान शिकवायला. मला वाटलं, हा गृहस्थ भांडखोर दिसतोय, याच्यापासून चार हात लांब राहावं. पण बशी घेऊन त्यांच्या शेजारून जाताना पाहिलं तर कारखानीस सरांचा चेहरा उतरला होता आणि वडा तसाच होता. भांडण जिंकलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो.

शशिकांत कारखानीस आमच्याकडे इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. उंच, किंचित पुढे झुकलेले, राखाडी बुशशर्ट आणि खिशापाशी खडूची पांढरी बोटं. राज्यघटनेतली कलमं त्यांच्या जिभेवर असत, म्हणून मुलं त्यांना 'कलमी सर' म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं. आंब्याच्या दिवसांत एखादा व्रात्य मुलगा "सर, कलमी आहे का हापूस?" असं विचारायचा, तर सर म्हणायचे, "रायवळ आहे रे, नुसता आंबट." अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळच आमची शाळा, आणि माझी प्रयोगशाळा व त्यांचा वर्ग यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत. त्यामुळे त्यांचा तास मी फुकटात ऐकायची. कित्येकदा माझी मुलंही बन्सेन बर्नर सोडून तिकडेच कान लावायची.

त्यांचा एक धडा दरवर्षी गाजायचा. पाठ्यपुस्तकात अमेरिकेच्या यादवी युद्धाला जेमतेम दोन ओळी होत्या. सर त्यावर आख्खा तास घ्यायचे.

"कायदा एका वाक्याचा असतो, मुलांनो. तेरावी घटनादुरुस्ती आली, गुलामी संपली. चौदावी आली, काल बाजारात विकला गेलेला माणूस देशाचा नागरिक झाला. कायद्यापुढे मालक आणि तो सारखे. पंधरावी आली, कातडीच्या रंगावरून मत नाकारता येणार नाही असं ठरलं. झालं? सगळे सुटले? नीट बघा. कोण राहिलं?"

वर्गात चुळबुळ. मग कोणीतरी "म्हातारे", कोणी "लहान मुलं". शेवटी एखादी मुलगी ओरडायची, "सर, बायका! बायकांना मत नाही मिळालं!"

"शाब्बास! प्रत्येक कायदा वाचताना हा प्रश्न विचारायचा. कोण राहिलं?" आणि त्या मुलीला कोरा करकरीत खडू बक्षीस. पेटीतला नवा खडू मिळणं ही आमच्या शाळेत मोठी गोष्ट होती. मुली तो महिनोन्‌महिने कंपासमध्ये जपून ठेवायच्या.

असा हा माणूस. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं गेली. आपले मूलभूत हक्क शिकवताना सर कलम सतरापाशी, म्हणजे अस्पृश्यता बंदीपाशी, थांबायचे, तळमळून बोलायचे, मुलांशी वाद घालायचे. आणि तेविसावं कलम आलं की म्हणायचे, "माणसांचा व्यापार आणि वेठबिगारी यांना मनाई. सोपं आहे. घरी वाचा." की लगेच पुढचं पान.

मी एकदा गमतीनं विचारलं, "सर, तेविसाशी काय वैर आहे तुमचं?"

"परीक्षेला फारसं येत नाही ते," सर म्हणाले आणि वह्या तपासू लागले. परीक्षेला काय येतं याची फिकीर या माणसानं एरवी कधी केल्याचं मला आठवत नाही.

रेश्मा नावाची एक मुलगी होती, उल्हासनगरहून यायची. तिथल्या जुन्या निर्वासित कॅम्पात सगळे शेजारी सिंधी, घराखाली दुकान, त्यामुळे तिचं मराठी निम्मं हिंदीवर चालायचं. त्या वर्षी अमेरिकेच्या तासाला तिनं हात वर केला. "सर, कानून तो बन गया. पण त्या लोकांना बोललं कोण? मतलब, त्यांना थोडीच वाचता येत होतं. जाऊन सांगितलं कोणी?"

प्लायवूडच्या पलीकडे खडू टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. टेक्सास म्हणून एक प्रांत आहे. मुक्तीचा जाहीरनामा निघाल्यावर तिथल्या गुलामांना तो कळायला दोनेक वर्षं गेली. काही मालकांना ठाऊक होतं म्हणतात. पण पीक निघायचं होतं. म्हणून नाही सांगितलं."

"मग गलती कोणाची, सर?"

"ज्याला माहीत होतं, त्याची."

तास संपल्यावर सर माझ्या प्रयोगशाळेत आले, बेसिनशेजारच्या स्टुलावर बसले आणि चंचुपात्रातूनच पाणी प्यायले. मी म्हटलं, "सर, त्यात सकाळी मोरचूद होतं." ते म्हणाले, "असू दे."

सर स्वतःची कामं स्वतः करायचे. म्हणजे करू बघायचे. शिपायाला पाणी आणायला सांगणार नाहीत, पिशवी कोणाला उचलू देणार नाहीत, आपला चहाचा कप आपणच विसळणार. हे सगळं ते इतक्या धांदलीनं करायचे की कप विसळताना बाही भिजायची, आणि फळा पुसायला गेले की पुसण्यापेक्षा पसरायचेच जास्त. नवे शिपाई वैतागून म्हणायचे, "सर, तुम्ही काम करता आणि ते आम्हाला दोनदा करावं लागतं."

घरीही तेच. शिवमंदिराच्या रस्त्याला त्यांचा दोन खोल्यांचा ब्लॉक होता. काकू बोलायला एकदम फटकळ. मी पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, "आमच्याकडे कामाला बाई नाही हं. माणसानं माणसाला राबवू नये, असं यांचं तत्त्व आहे. तत्त्व यांचं, धुणीभांडी माझी."

"मी माझा कप घासतो," सर आतून म्हणाले.

"घासतात ना. मग मी परत घासते. त्यात साबण नसतो, नुसतं तत्त्व असतं."

आम्ही तिघंही पोट धरून हसलो. सर सगळ्यांत मोठ्यानं. काकू काय म्हणाल्या ते त्यांच्या कानापर्यंत गेलं, त्यापुढे गेलं नाही. माझ्याही नाही गेलं.

चौदा एप्रिलला मी सरांना घरी बोलावलं. बुद्धविहाराच्या मागे आमची चाळ. बाबा कारखान्यात फिटर होते, तेव्हा निवृत्त झालेले. सरांचं आणि त्यांचं मस्त जमलं. आईनं खीर-पुरी केली होती. आमच्याकडे पानावर बसून दोनदा खीर मागून घेणारा वरच्या जातीतला माणूस आईनं फारसा पाहिला नव्हता. तिला भरून आलं. वाढता वाढता म्हणाली, "सर, लाजू नका. तुम्ही आम्हाला अगदी घरच्यासारखे."

सरांचा हात थांबला. हातातली पुरी त्यांनी ताटात ठेवली. "वहिनी, दुसरं काही म्हणा. हे नको."

आईनं खिरीचं पातेलं आत नेऊन ठेवलं. सर गेल्यावर भांडी आदळत म्हणाली, "दिली ना आपल्याला पायरी दाखवून? खीर चालते, घरचं म्हटलेलं चालत नाही."

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. म्हटलं, "सर, माझ्या आईनं जीव लावून म्हटलं होतं ते. तुम्हाला काय बोचलं?"

सर म्हणाले, "चला, जरा बाहेर बोलू." मैदानाच्या कडेला वडाचा पार होता. तिथे बसून त्यांनी सांगितलं ते असं.

कारखानिसांचं मूळ घर वांगणीला. भातशेती, आंबे, म्हशी. सर कॉलेजात असताना त्यांच्या वडलांनी ठाकरवाडीतल्या गोमा नावाच्या तरण्या पोराचं लग्न लावून दिलं. लुगडं, तांदूळ, वाजंत्री, सगळा खर्च वडलांनी केला. आणि त्या खर्चाच्या बदल्यात गोमा त्यांच्याकडे राबायला आला. आपल्या ठाणे जिल्ह्यात या प्रकाराला शब्दच होता, लग्नगडी. म्हणजे लग्नासाठी जन्म गहाण टाकलेला माणूस. दोन वेळचं जेवण, दिवाळीला कपडा, गोठ्यामागे खोपटं. लग्नाचा खर्च कधी फिटला, फिटला की नाही, ते कोणी बघितलंच नाही. बघायचं नसतंच.

"आणीबाणीत वेठबिगार मुक्तीचा कायदा आला," सर म्हणाले. "तेविसावं कलम तर आधीपासून होतंच. मी तेव्हा इथे नुकता लागलो होतो. पेपरात वाचलं आणि तडक वांगणीला गेलो, गोमाला सांगायला. आई म्हणाली, भाताची लावणी तोंडावर आलीये, आत्ता कुठे त्याच्या डोक्यात हे भरवतोस? आणि तो काय परका आहे? आपल्याला घरच्यासारखा आहे."

सर पारावरची वाळकी पानं एकेक करून खाली टाकत होते.

"मी म्हटलं, बरं. लावणी झाल्यावर सांगू. मग कापणी आली. मग वडील गेले. मग आई थकली, तिचं करायला गोमाच होता. आई गेल्यावर मी त्याला महिन्याचा पगार सुरू केला. पण का सुरू केला, ते सांगितलं नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही हे कसं सांगायचं?"

खरं सांगायचं तर मला त्यांची कीव आली नाही. माझे आजोबा गावकीची कामं नाकारून, गावाशी उभा दावा मांडून अंबरनाथला आले होते. आमच्या घरात वेठ हा शब्द पुस्तकातला नव्हता. मला वाटलं, अपराधी वाटून घेण्याचीसुद्धा एक चैन असते, आणि ती या माणसाला परवडते आहे. मी म्हटलं, "सर, तो अजून तिथेच आहे ना? मग जा आणि सांगा. मध्ये फक्त बदलापूर आहे."

मी मात्र बरोबर यावं, असा त्यांचा आग्रह. मे महिन्यात आम्ही दुपारच्या कर्जत गाडीनं गेलो. गाडीत सर पुटपुटत वाक्यं जुळवत होते. "गोमा, कायद्यानं तू मोकळा आहेस. नको, कायदा नको. गोमा, तुझ्यावर आमचं काही राहिलेलं नाही."

वांगणी बदलत चालली होती. स्टेशनच्या बाहेर स्वस्त घरांच्या जाहिरातींचे फलक, शेतात बिल्डरांचे दगड. पण कारखानिसांच्या अंगणात शिरलं की गोठा, शेण आणि आंब्याची कलमं. गोमा धावत आला आणि सरांच्या हातातली पिशवी धरली. सर सोडेनात. दोघा म्हाताऱ्यांची अंगणात पिशवीसाठी ओढाओढ. शेवटी गोमा जिंकला. वाळका, काळा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला माणूस. त्याच्या बायकोनं चुलीवर चहा केला, आम्हाला कप दिले आणि दाराआड जाऊन बसली. सर तिला "गोमाची, साखर कमी घाल गं" असं मघाशी म्हणाले तेवढंच.

सर ओटीवर बसले. घसा खाकरला. "गोमा, एक सांगायचं होतं."

"सांगा की, धाकलं शेट."

मी कप खाली ठेवला. दाराआडची बांगडी वाजायची थांबली. सरांनी गोमाकडे पाहिलं, वर आढ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "यंदा कौलं वेळेवर चाळून घे. मागच्या साली गळत होतं."

"व्हय," गोमा म्हणाला.

परत येताना गोमा पिशवी घेऊन स्टेशनपर्यंत आला. आता तीत आंबे होते. या वेळी सरांनी ओढाओढही केली नाही. गाडी सुटल्यावर म्हणाले, "समोर आईचा फोटो होता हो, बाई." मी म्हटलं, "फोटोला ऐकू येत नाही, सर." आंबे मात्र मी घेतले. गोडही लागले.

पुढे सर निवृत्त झाले. त्यांच्या समारंभात मुख्याध्यापकांनी जपून जपून भाषण केलं, 'घर' हा शब्दच टाळला. सर अधूनमधून शाळेत यायचे. मी नुसती भुवई उंचावली की कळायचं त्यांना. "दिवाळीनंतर जातो." "त्याला खोकला झालाय, बरा होऊ दे." "डोळ्याचं ऑपरेशन करून देतो आधी, मग सांगतो." ऑपरेशन करून दिलं खरं. काकू म्हणाल्या, "त्या गोमाचं इतकं करतात, की मला आता त्याचाच हेवा वाटतो." सर हसले नाहीत.

आणि मग एके दिवशी त्यांचा फोन आला. "बाई, गोमा गेला. दिवसही झाले, मला आज कळतंय. वांगणीला याल का?"

आम्ही पोचलो तोवर त्याचे दिवस होऊन गेले होते. अंगण शेणानं सारवलेलं होतं. पिशवी घ्यायला कोणी आलं नाही. सरांनी ती ओटीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसून रडायला लागले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "राहून गेलं," ते म्हणत होते. "आता कोणाला सांगू? ज्याला सांगायचं तोच गेला. मेल्यावरच सुटला तो. मी काय शिकवलं आयुष्यभर?"

मला या वेळी मात्र वाईट वाटलं. इतका वेळ त्यांचा राग करत होते, तो कुठल्या कुठे गेला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आता हे सगळं संपलं, असंच मलाही वाटत होतं.

गोठ्यातून गोमाची बायको आली. म्हशीला पाण्यावर न्यायची वेळ होती, दावं तिच्या हातात होतं, मागे म्हैस. ती ओटीच्या पायरीखाली उभी राहिली.

"धाकलं शेट, एक इचारू?"

सरांनी डोळे पुसले. "विचार ना."

"त्यो गेला. मंग मी आता जाऊ का?"

"कुठं?" सरांच्या तोंडून निघून गेलं.

"शेलूला. माझी भईन हाय तिथं वाडीवर. म्हातारी झाली ती बी." ती थोडी थांबली. "लगीन दोघांचं लावलं व्हतं ना तुमच्या बापानं. त्याचं फिटलं. माझं काय ऱ्हायलंय का अजून?"

आयुष्यभर फळ्यासमोर उभं राहून सरांनी पोरांना विचारलेला प्रश्न ती पायरीखाली उभी राहून त्यांना विचारत होती. गोमाला कसं सांगू, कधी सांगू, या घोरात त्यांचा जन्म गेला होता, आणि शेण काढणारी, भात लावणारी, आम्हाला चहा देणारी ही बाई त्यांच्या हिशेबात कधी आलीच नव्हती. माझ्याही नाही. "तो अजून तिथेच आहे ना?" असं मीही विचारलं होतं. तो.

सर उठून उभे राहिले. मला वाटलं, आता बोलतील. कायदा, कलम, माफी, काहीतरी.

"जा," सर म्हणाले. "जा तू."

"म्हशीची धार काढून जाते."

"नको. मी बघतो."

"तुमाला येती का?" तिनं सरळपणे विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं दावं सरांच्या हातात दिलं, खोपटात गेली आणि एक गाठोडं घेऊन बाहेर आली. कधीपासून बांधून ठेवलं होतं कोण जाणे. फाटकापाशी मी तिला थांबवून विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

नाव सांगायला तिला जरा वेळ लागला. "बुधी," ती म्हणाली आणि रस्त्याला लागली.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत सर आणि काकू मुलीकडे नाशिकला राहायला गेले. आमची पुन्हा भेट झाली नाही. माझ्या लेखी सर त्या अंगणातच आहेत, हातात दावं धरून.

मी फाटकापासून परत आले तेव्हा ते तसेच उभे होते.

"नाव बुधी म्हणाली ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"तिनं मला विचारायलाच नको होतं, हे सांगायचं होतं मला. कोणालाच विचारायला नको." दावं त्यांच्या हातात ताणलं गेलं होतं. "आणि मी जा म्हटलं, बाई. मी तिला परवानगी दिली."

म्हैस रस्त्याकडे तोंड करून हंबरत होती. सर तिला चुचकारत होते, पण ती सरांना ओळखत नव्हती.